जागा न सोडणारा तानपुरा

वरच्या मजल्यावरच्या काकांच्या कॉम्प्युटरवरून मी आवाज वाटून देणारा प्रोग्रामच काढून टाकला. फालतू वाटला म्हणून. मी नोएडात कॉम्प्युटरचीच नोकरी करतो, ही गोष्ट दिल्लीच्या मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीत त्यानंतर कोणी फारशी काढत नाही.

काकांइतका जुन्याचा मान राखणारा माणूस यमुनेच्या दोन्ही तीरांवर सापडणार नाही. नेहरू प्लेसहून सुटे भाग आणून जोडलेला त्यांचा कॉम्प्युटर सत्कारात मिळालेली शाल पांघरून झोपतो. त्यावर विंडोज नाही, लिनक्स. ते त्यांनी पंथासारखं घेतलंय आणि पंथासारखंच पसरवतात. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर आरती होईपर्यंत माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून मोकळे. मुलगा रडवेला होऊन विचारतोय, "पापा, मेरा गेम कहाँ गया?" काकांनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

त्यांचा खरा जीव मात्र एका तानपुऱ्यात. तोही प्रोग्रामच, एका मित्राने कधीकाळी लिहून दिलेला. मित्र आता नाही. तसा षड्ज नव्यांना लागत नाही, असं काका शपथेवर सांगतात. खोड एकच, की सुरू झाला की तो साउंड कार्डावर ठाण मांडतो आणि दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देत नाही. काकूंच्या मते हा संगतीचा परिणाम. आणि काका दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या नातीला गाणं शिकवतात! तानपुरा लावला की नात मुकी, नात बोलली की तानपुरा बंद. कंटाळून तिने सांगून टाकलं होतं, आज नाही जमलं तर पुढच्या रविवारपासून पोहायला जाणार. त्या रविवारी कॉलच्या आधी काका मला हे हसत हसत सांगत होते, पण त्यांचा चहा तसाच गार झाला होता. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे काका.

दोघं भांडत असले की एकाला हाकलावं, एवढंच मी ऑफिसात शिकलोय. हाकलला तो प्रोग्राम नेमका सगळ्यांना आवाज वाटून देणारा मध्यस्थ निघाला. कॉल लागला, तानपुरा एकटाच घुमत राहिला आणि पडद्यावर नात माशासारखी तोंड उघडत-मिटत होती. मग ती उठायलाच लागली.

काकांनी तिला हातानेच थांब म्हणून खुणावलं आणि मला खुर्चीवरून उठवलं. मध्यस्थाला परत आणून बसवलं, तानपुऱ्याच्या नावाआधी त्याला मध्यस्थाकडे वळवणारा एक छोटासा शब्द टाइप केला आणि बटण दाबण्याआधी माझ्याकडे वळले.

"उपाय मला ठाऊक होता रे," ते म्हणाले. "पण यात या म्हाताऱ्या तानपुऱ्याला फसवायचं असतं. बसवायचं कोपऱ्यात आणि सांगायचं, सगळं घर तुझंच."

"आम्ही वेगळं काय करतो?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काकांनी बटण दाबलं. तानपुरा झंकारला आणि त्यावर नातीचा सा अलगद येऊन टेकला. काका डोळे मिटून बसले, चूक काढायचंही विसरले. मागे उभ्या उभ्या नकळत मीही सूर मिसळला.

नात थांबली. "आजोबा, ते मागचे काका म्यूट होतात का?"