कालिनाचं पहिलं पाऊल

त्सोना परसातून धावत सुटली तेव्हा तिच्या एका पायात गमबूट होता आणि दुसऱ्यात नुसता मोजा. हात कोपरापर्यंत मिरच्यांच्या रसानं लाल. सप्टेंबरचा महिना, दारोदार पत्र्यांवर मिरच्या भाजत होत्या, धुरानं सगळ्यांचेच डोळे वाहत होते. त्यामुळं ती हसतेय की रडतेय हे तोंडावरून कुणाला कळेना. कळलं ते आवाजावरून. तो आवाज तरणेपणी सहकारी शेतीच्या बीटाच्या रानातून ओढ्यापल्याडच्या गुराख्यांना हाका मारून कमावलेला होता.

"कालिनानं पाऊल टाकलं. माज्या नातीनं पाऊल टाकलं," ती गल्लीभर सांगत सुटली. "उद्या सकाळी समदी या. उपाशी या."

पहिलं पाऊल पडलं की वेळ काढायचा नाही, अशी रीत. गोल पाव भाजायचा, त्याला मध चोपडायचा, अंगणात पांढरं कापड अंथरून तो घरंगळत सोडायचा. पोर त्याच्यामागं चालत जातं. पलीकडं कात्री, कंगवा, आरसा, लेखणी मांडलेली असते. ज्याला हात घालील तो त्याचा धंदा. उशीर झाला तर पोर जन्मभर ठेचकाळतं म्हणे. म्हणून बाया पाऊल दिसलं की आधी भट्टी पेटवतात, खरंखोटं मागनं बघतात.

त्सोनाला तर घाई होतीच. कालिना दीड वर्षाला टेकली होती. शेजारच्या वूताचा नातू तिच्यामागनं जन्मला आणि कोंबड्यांमागं पळायला लागला. कालिना बसली की बसली. हाक मारली तर मान वळवायची नाही, पण कुठं भांडं पडलं की अंगभर थरथरायची, आणि मग काही केल्या निवायची नाही.

का, ते तिच्या आईला, नेदाला, ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटायचं. गेल्याच्या आदला हिवाळा. नेदा तेव्हा खाणीच्या शहरात राहायची. खाण बंद पडलेली, नवरा मिल्को ग्रीसला ऑलिव्ह वेचायला गेला तो गेलाच. नेदाचा तुटपुंजा पगार हातात पडेपर्यंत महागाईनं त्याचा पालापाचोळा व्हायचा. पोटुशी नेदा पहाटे बर्फात पावाच्या रांगेत उभी राहायची आणि कैकदा तिचा नंबर येता येता दुकानाची खिडकी बंद व्हायची. रात्री अंगावरच्या कोटासकट झोपायची; झोपायची कसली, पडून राहायची. सासूनं, त्सोनानं, फोनवर विचारलं तर म्हणायची, "बरं हाय." इकडं तळघरात बटाटे होते, चरबी होती, राजमा होता. पण सुनेला मागायची लाज, आणि सासूला गप्प माणसाचं ऐकू येत नसे. पोर झाल्यावर नेदा तिला घेऊन गावी सासूकडं आली.

पोरीचं निदान पहिल्यांदा वूतानं केलं. "पोटातच भ्यालीय ती. शिसं ओतू या, कशाला भ्याली ते पाण्यात दिसंल." तिनं पळीत शिसं वितळवलं आणि पोरीच्या डोक्यावर धरलेल्या पाण्यात ओतलं. चर्र झालं, वेडावाकडा गोळा निघाला.

"कुत्रं दिसतंय," वूता म्हणाली. "नेदा, गरवारपणी कुत्र्याला भ्यालीस का गं?"

"कुत्र्याला न्हाई," नेदा म्हणाली. "पगाराच्या तारखेला."

वूता हसली. नेदा हसली नाही.

दर गुरुवारी गावच्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टर देन्कोवानं हे ऐकलं आणि कपाळ धरलं. "त्सोनाबाई, शिसं म्हणजे मेंदूला विष. त्याची वाफसुद्धा पोरीजवळ नको."

"मग काय करू? बसून बघू?"

"हो, बसा. आणि तिच्याशी बोला. हळू."

मग तिनं दोघींना समोर बसवून सांगितलं. पोटात असताना मेंदूचं विणकाम चालू असतं. आईच्या अंगात रक्त कमी, ताटात अन्न कमी, आणि रात्रंदिवस जीव टांगणीला, तर ते पोटातल्या पोराला पोचतं. त्याचा मेंदू समजतो, बाहेर बरं चाललेलं नाही, सावध राहावं. मग तो दचकायला आधी शिकतो आणि बाकीचं मागं पडतं. सगळ्याच पोरांचं तसं होत नाही, आणि कालिनाचं त्यानंच झालं हे छातीवर हात ठेवून आपल्याला सांगता येणार नाही.

"म्हंजे माज्यामुळं," नेदा म्हणाली.

"तू काय केलंस? रांगेत उभी राहिलीस. रांग तू लावली होतीस का?" देन्कोवा म्हणाली. "आणि विणकाम संपलेलं नाही, पुढं कितीतरी वर्षं चालतं. लोहाचे थेंब दे, कलेजी दे, मसूर दे. तिनं आवाज काढला की तू उत्तर दे. आणि तू स्वतः झोप. आई निवली की पोर निवतं."

त्या दिवसापासून त्सोना कलेजी कुस्करायची, पोर पाठीला बांधून हिंडायची, म्हणजे सुनेला डुलकी मिळावी. सगळं जमलं. हळू बोलणं तेवढं जमेना.

आणि त्या दुपारी कालिना मिरच्यांची टोपली धरून उभी राहिली. टोपली सरकली, पोर पुढं झेपावली, एक पाय टेकला आणि ती आपटली. त्सोनाला पाय दिसला.

"आई, ती पडली," नेदा म्हणाली.

"पडाय आधी चालावं लागतंय," असं म्हणत त्सोना दुसरा गमबूट न शोधताच धावत सुटली.

सकाळी अंगण भरलं. गुरुवार होता, दवाखान्यात जाता जाता देन्कोवाही आली. राकियाची, फळांच्या दारूची, बाटली फिरू लागली, चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा बघता बघता ताटातून संपली, एकानं अकॉर्डियन आणलं. त्सोनानं पाव सोडला. तो कापडावरून गरगरत गेला, बादलीला धडकला आणि आडवा झाला. सगळ्यांनी एकदम टाळ्या पिटल्या, आरोळ्या दिल्या, अकॉर्डियन वाजलं.

कालिना दचकली. मुठी वळल्या, तोंड लालभडक झालं, आणि तिनं टाहो फोडला.

"त्सोने, पाव चालला, पोर बसलं," वूता म्हणाली. "कात्रीपातुर पोचंस्तवर लग्नाची हुईल ती."

माणसं हसली. ओढ्यापल्याड ऐकू जाईल असं उत्तर त्सोनाच्या जिभेवर आलं होतं. पण समोर नेदाचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्सोनानं उत्तर गिळलं. ओठांवर बोट ठेवून ती एकेकासमोर गेली, वाजवणाऱ्याच्या मांडीवरून अकॉर्डियन उचलून तिनं खाटेवर ठेवलं, आणि सगळ्यांना खांदे दाबून खाली बसवलं.

नेदा कापडावर बसली आणि हळूहळू पोरीची पाठ चोळू लागली. हुंदके लांबले, मग थांबले. कालिनानं नाक पुसलं ते आईच्या बाहीला. मग ती चारी पायांवर झाली आणि थपाथप रांगत निघाली. कात्री बघितली नाही, आरसा बघितला नाही. सरळ पावावर गेली, त्यात पाची बोटं खुपसली, लचका तोडला आणि कोपरापर्यंत मधानं माखत चावू लागली.

"ठरला धंदा," वूता कुजबुजली. "खायाचा."

माणसांनी हसू दाबलं. तेवढ्यात कालिना वळली. तिनं पावाकडं बघितलं, नेदाकडं बघितलं, परत पावाकडं. मग हातातला चघळलेला तुकडा पुढं केला. "आं."

"आं," नेदा म्हणाली.

"आं," कालिना म्हणाली, आणि हात आणखी पुढं केला.

देन्कोवा त्सोनाच्या कानाशी वाकली. "चालेल ती, पायांची मला काळजी नव्हतीच. मी याची वाट बघत होते. वस्तू बघितली, आई बघितली, आणि दिलं. आता ती उत्तर मागतेय."

त्सोनाला गल्लीभर ओरडावंसं वाटत होतं. तिनं पदरासारखा आपला एप्रन तोंडात कोंबला आणि दोन्ही मुठी मांड्यांवर आपटत राहिली. नेदानं तुकडा खाल्ला. कालिनानं दुसरा तोडला. नेदानं तोही खाल्ला, आणि तोंड भरलेलं असतानाच ती हसायला लागली.

"मग ह्यो सण कशाचा धरायचा?" वूतानं विचारलं. "पाऊल तर पडलंच न्हाई."

"पडल तवा दुसरा पाव भाजीन," त्सोना एप्रन काढून म्हणाली. "ह्यो तर खा आधी."

कालिना तिसरा तुकडा घेऊन वूतापुढं येऊन बसली होती. तुकड्यावर मध होता, लाळ होती, अंगणातली थोडी माती होती. वूतानं इकडंतिकडं बघितलं. सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.