रातो वायर

मंडळी, आज दुपारी तलासरीच्या गॅरेजात मी एका माणसाचा गळा धरला.

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारची बॅटरी मरायला टेकली होती. मेकॅनिक जयंतीभाई नवी आणायला आत गेले आणि मी उगाच पाना उचलला. आतून ते ओरडले, "रातो वायर छेल्ले काढजो!" छेल्ले म्हणजे शेवटी, एवढं गुजराती मला येतं. रातो म्हणजे रातीसारखा काळा, असं धरून मी आधी लाल वायर सोडायला घेतली.

पाना बॉडीला टेकला आणि धडाम! ठिणग्या उडाल्या, पाना तिथेच चिकटला, तळहात भाजला, तरी घाबरून मूठ सुटेना. जयंतीभाई धावत आले आणि लाथ घालून त्यांनी मला मागे उडवलं.

मी उठलो तो थेट त्यांच्या नरड्यावर. गाडीच्या दारावर आपटलं त्यांना. ओठ फुटला.

"मुद्दाम उलटं सांगितलंस ना?"

त्यांनी ओठाचं रक्त बोटावर घेतलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"आ रातो."

लहानपणापासून रातांबे खातोय मी. लाल फळाच्या नावातला हा 'राता' मला रक्त काढल्यावर ऐकू आला. तुम्हाला आधी आला असता का?