दातांच्या दवाखान्यातला लघुग्रह

आमच्या गटाने आजवर एकच लघुग्रह शोधला. किस्से मात्र मंगळ आणि गुरू यांच्यामधला अख्खा पट्टा भरेल एवढे जमले! आयुष्यभर गणित शिकवलं, तरी मोजण्यात माझी चूक होत असेल. सांभाळून घ्या.

आम्ही तिघं. मेधा दातांची डॉक्टर, जाधव डोंबिवलीतल्या केमिकल कंपनीच्या लॅबमधले, आणि कल्याणहून येणारा मी. रविवारी सकाळी मेधाचा ठाण्यातला, नौपाड्यातला दवाखाना बंद असतो आणि एक्स-रेचा मोठा स्क्रीन मोकळा. परदेशातल्या एका दुर्बिणीने काही मिनिटांच्या अंतराने काढलेले चार फोटो आमच्याकडे येतात. ते एकामागून एक फिरवायचे. तारे जागेवर राहतात. सरकणारा ठिपका म्हणजे लघुग्रह.

*

ठिपका नीट दिसावा म्हणून फोटो उलट्या रंगात बघतो; एकदा तो स्क्रीनवर तसाच राहिला. पांढऱ्यावर काळे ठिपकेच ठिपके! सोमवारी पहिल्या पेशंट आजी खुर्चीत बसल्या आणि ओरडल्या, "अगं डॉक्टर, एवढे दात तरी आहेत का मला?"

*

ठिपका दिसला की लगेच कळवायचा असतो. मी आकडे सात वेळा तपासले. तोवर दुसऱ्याच गटाने तो कळवून टाकला.

जाधव म्हणाले, "सर, तुमची खात्री होईपर्यंत तो दगड स्वतः येऊन सही करेल!"

पुढचा ठिपका दिसला, तेव्हा मी हात धुवायला गेलो होतो. जाधवांनी बटण दाबलं. तो आमचा ठरला.

*

ठरला, पण तात्पुरता. सव्वा वर्षाने पृथ्वी पुन्हा त्याच्या बाजूला येईल, तेव्हा तो दिसायला हवा. नाहीतर कक्षा कच्ची आणि दगड हरवला. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. काळजी कोणाकोणाची करायची?

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना वेगळाच घोर. "काका, आपल्या बिल्डिंगवर नाही ना पडणार? लिफ्ट आत्ताच दुरुस्त केलीय!"

*

मेधाचा डोळा माझ्या पडलेल्या दाढेवर. "सर, पक्की बसवू या ना."

"या वयात? कशाला!"

शेवटी तिने काढता-घालता येणारी दाढ दिली. ती माझ्या खिशातच असायची.

सव्वा वर्षाने, एका रविवारी, दुर्बिणवाल्यांचा मेल आला. दगड दिसला होता! मी वहीत भीत भीत मांडलेल्या जागेच्या अगदी जवळ. ती वही मी कोणाला दाखवलीच नव्हती. जाधवांनी ती ओढून घेतली.

"सर, याची सूर्याभोवती एक फेरी किती वर्षांची?"

"साडेचार. थोडं मागेपुढे."

मी खिशातली दाढ टेबलावर ठेवली आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन आडवा झालो.

"मेधा, पक्की दाढ किती टिकते गं?"

"पंधरा वर्षं तरी, सर."

मी मनात भागाकार केला. दोनदा तपासला.

"तीन फेऱ्या," मी म्हणालो आणि तोंड उघडलं.