टिकलीच्या जागी राख

जर्मनीतल्या आमच्या शेजारणीला माझ्या फोडणीचा वास सोसत नाही. वर्षभर माझ्या दारावर तिच्या तक्रारीच्या चिठ्ठ्या असतात. पण ख्रिस्ती उपवासांच्या आधीचा, सोंगं घेऊन नाचायचा कार्निव्हल आला आणि बाई पडद्याचं कापड साडीसारखं गुंडाळून जिन्यात उभ्या! "मला तुमची टिकली लावा ना," म्हणाल्या. वर मिठीसुद्धा मारली.

मी टिकली लावली, पण मनात म्हटलं, काय ही माणसं! शेजारणीशी हसायलाही यांना कॅलेंडरची परवानगी लागते. रस्त्यावरही तेच. एरवी नजर चुकवणारे विदूषकाची लाल नाकं लावून गळ्यात पडत होते.

बुधवारी उपवास सुरू झाले. बाई चर्चमधून परतल्या, तेव्हा कपाळावर टिकलीच्या जागी पाद्र्यांनी उपवासाची खूण म्हणून लावलेली राख होती. मी हसले. त्यांनी नाक मुरडलं. "आज पुन्हा फोडणी?"

मी दार सताड उघडं ठेवलं आणि चमचाभर हिंग कढईत टाकला.