शार्कला दगड दाखवताना

आमच्या भागात कुत्रं अंगावर आलं की पळायचं नसतं. जागेवर थांबायचं आणि खाली वाकायचं, दगड उचलल्यासारखं. खरा दगड हाताला लागायची गरज नसते. माणूस वाकला की कुत्र्याला पुढचं सगळं कळतं आणि ते शेपूट घालून वळतं. माझी सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. धाराशिवकडच्या वाशीपासून तेरपर्यंत मोटारसायकलवर हिंडलो, आणि गावोगावच्या कुत्र्यांना मीच सुया टोचलेल्या असल्यामुळं त्यांचा माझ्यावर विशेष राग. माझी कंबर साहेबांपुढं कमी आणि कुत्र्यांपुढं जास्त झिजली असेल. पण एकही कुत्रं मला चावलं नाही, आणि ह्या विद्येचा मला फार अभिमान होता. ती समुद्राच्या तळाशी चालत नाही, हे मला साठीला टेकताना कळलं.

आता आमचा आणि समुद्राचा काय संबंध, तर माझी मुलगी. ती अंदमानातल्या एका बेटावर लोकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवायचं काम करते. पाठीवर हवेची टाकी, पायात बदकासारखे पंजे. गावात हे सांगितलं की लोक आधी विचारतात, सरकारी हाय का? तिला पोहायला मीच शिकवलं, आमच्या विहिरीत, कमरेला वाळका भोपळा बांधून. त्यामुळं तिच्या आईच्या मते हा सगळा घोळ माझाच, आणि तो निस्तरायचाही मीच. धाराशिवला बँकेत असलेल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा सरळ, घरची माणसं चांगली. त्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन मी निघालो. सगळ्यांना सांगितलं, शार्क बघायला चाललोय. खरं तर मी लेकीला परत आणायला चाललो होतो. तिच्या मनात शिरायचं तर आधी तिच्या पाण्यात शिरावं, असा माझा डाव.

तिथं पोचल्यावर कळलं की तिचीही कसोटी त्याच आठवड्यात होती. आतापर्यंत ती दुसऱ्यांच्या हाताखाली होती. आता तिच्या साहेबांनी ठरवलं होतं की एकदा तिनं पुढं व्हायचं, त्यांनी मागं राहून बघायचं. काम पसंत पडलं तर इथून पुढं तिची स्वतःची तुकडी. नाहीतर पुन्हा लोकांच्या टाक्या उचलणं. हे ऐकून मला काळजी वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या मागोमाग असंही मनात आलं की नापास झाली तर मुलाचा फोटो दाखवायला बरं पडेल. बापानं असा विचार करू नये, एवढं कळत होतं.

दिवसा ती मला छातीएवढ्या पाण्यात श्वास घ्यायला शिकवायची आणि संध्याकाळी चित्रं दाखवून शार्क ओळखायला. शेपूट उभं आणि डावीउजवीकडं हलणारं असेल तर शार्क. आडवं आणि वरखाली हलणारं असेल तर डॉल्फिन. पाठीवरच्या पराचं टोक पांढरं असेल, अंग सडपातळ असेल, तर तो दिवसा कपारीत वाळूवर पडून राहणारा. टोक काळं असेल तर तो उथळ पाण्यातला, सारखा फिरणारा. टोकाला रंग नाही आणि ओठाजवळ मिशा आहेत, तर तो तिसराच. मी म्हणालो, ह्यात काय अवघड हाय? देवणी आणि लाल कंधारी मी चालत्या एस.टी.तून ओळखतो. उस्मानाबादी शेळी तर अंधारात ओळखतो, ती काळी असूनही. दात दाखवले तर वयही सांगेन, असं म्हटल्यावर मात्र मुलगी हसली नाही.

शार्क ओळखण्यापेक्षा तिला माझ्या वागण्याची काळजी जास्त. पाण्यात धपकन उडी मारायची नाही, हे ऐकून माझा निम्मा उत्साह गेला, कारण बोटीवरून एक झकास मुटका मारायचा असं मी वाशीहूनच ठरवून आलो होतो. शार्कच्या मागं लागायचं नाही. कपारीतून बाहेर यायची त्याची वाट अडवायची नाही. हात छातीशी घेऊन राहायचं. आणि कशालाही शिवायचं नाही, तळाच्या दगडालासुद्धा, कारण तिथला दगड बऱ्याचदा दगड नसतो, जिवंत पोवळं असतं. जो शिवेल तो त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरणार नाही, मग तो कुणीही असो. मी मान डोलावत होतो. जनावर बाहेर येतंय, दारात उभं राहू नका, असं मी जन्मभर लोकांच्या गोठ्यात ओरडत आलोय. मला काय शिकवायचं?

कसोटीच्या दिवशी बोटीच्या शिडीवरून आम्ही सावकाश पाण्यात उतरलो. पुढं मुलगी, तिच्यामागं पुण्याकडचं एक जोडपं, मग मी आणि सगळ्यात शेवटी तिचे साहेब. खाली गेल्यावर पहिलं मनात आलं ते हे, की इथं कुणालाच बोलता येत नाही. आमचं निम्मं गाव इथं आजारी पडलं असतं. मासे मात्र इतके, की धरणावरच्या कोळ्यानं जाळं टाकायचं सोडून नुसतं बघत बसावं. मग मुलगी थांबली. तिनं एक हात कपाळावर उभा धरला. ही शार्कची खूण. दुसरा हात आडवा करून तिनं सगळ्यांना जागेवर थांबवलं.

समोर एका मोठ्या कपारीत तो वाळूवर पडला होता. लांबीला बैलगाडीच्या जुवाएवढा. पाठीवरच्या पराचं टोक पांढरं. मी पहिल्या फटक्यात ओळखलं आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून जीव कासावीस झाला. शेपटीचंही टोक पांढरं आहे का हे नीट बघायला मी जरा बाजूला सरकलो. तिथून दिसेना म्हणून अजून जरा सरकलो. जोडपं बिचारं सांगितलेल्या जागी होतं. मी सरकत सरकत बरोबर कपारीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो होतो, म्हणजे गोठ्याच्या दारात.

आणि तो उठला. सरळ माझ्याकडं यायला लागला. सगळे नियम मला पाठ होते, पण ते डोक्यात होते. कंबर वाशीची होती. ती वाकली.

जमिनीवर माणूस वाकला तर पाय जमिनीवर राहतात. पाण्यात तसं काही बंधन नसतं. माझं डोकं खाली गेलं, पाय वर गेले, पायातल्या पंजांनी वाळू उधळली. त्या धुराळ्यात हाताला काहीतरी लागलं ते मी घट्ट धरलं आणि शार्कवर उगारलं. ते मऊ होतं. भिजून फुगलेल्या वांग्यासारखं मऊ. शार्कनं जन्मात वाशी बघितलेली नव्हती, त्यामुळं त्याला त्यातलं काही कळलं नाही. तो माझ्या शेजारून वळला आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. पुण्याच्या जोडप्याला त्याची शेपटीसुद्धा दिसली नाही.

मग माझ्या मनगटाला एक हात लागला. मुलीनं माझी बोटं एकेक करून सोडवली, आतलं ते मऊ प्रकरण हलकेच वाळूवर परत ठेवलं आणि अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे शाबास नव्हे, वर चला. तिनं साहेबांना खूण केली, मला त्यांच्या हवाली केलं आणि वळून जोडप्याला घेऊन पुढं गेली. एकदाही मागं बघितलं नाही.

वर आल्यावर साहेबांनी मला टॉवेल दिला, चहा दिला. ते हिंदीत सांगू लागले की शार्कच्या शेपटीला हात लावणारे बघितलेत, कॅमेरा त्याच्या तोंडात घालणारे बघितलेत, पण समुद्रकाकडीनं शार्कला दटावणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. ती भाजी नाही, जिवंत प्राणी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. तुम्हाला वाटलं तरी काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कुत्रं. आमच्या दखनी हिंदीत मी त्यांना वाकण्याची विद्या समजावून सांगितली. ते इतके हसले की मलाही हसू आलं. मग ते हसायचे थांबले आणि मी चहाचा कप खाली ठेवला. एवढ्या माणसांसमोर बापानंच तिची कसोटी पाण्यात घातली होती. स्थळ, फोटो, माझा डाव, काही काही आठवेना. ती पास व्हावी एवढंच वाटत होतं, आणि ते माझ्या हातात राहिलेलं नव्हतं.

ती वर आली ती आधी जोडप्याशी बोलली, त्यांची माफी मागितली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, आज तुम्ही परत उतरायचं न्हाय."

"अगं, चुकून झालं. मी बाप हाय तुझा."

"दुसऱ्याला बसवलं असतं, मग तुम्हाला का न्हाय?"

असं तोंडावर सांगायची खोड तिच्यात कुठून आली, हे तिची आई मला नेहमी ऐकवते. खाण तशी माती. मी बोटीत बसलो.

दुसऱ्या फेरीला ती जोडप्याला घेऊन शिडीनं खाली गेली. साहेब उठलेच नाहीत. मी घाबरत विचारलं, तुम्ही नाही जायचं? ते म्हणाले, आता माझी गरज नाही. आणि चहाचा दुसरा कप ओतून घेतला. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते मी समुद्राचं म्हणून पुसून टाकलं.

मग मी बोटीच्या काठाला धरून पाण्यावर येणारे बुडबुडे बघत बसलो. आमच्या विहिरीत तिनं पहिल्यांदा भोपळा सोडून बुडी मारली होती, तेव्हाही मी असाच काठावर होतो. तेव्हा ती वर यायच्या आत मी कपड्यांसकट उडी घेतली होती, आणि आम्ही दोघं पाण्यात एकमेकांच्या डोक्यावर आपटलो होतो. ह्या वेळी बसून राहिलो. बसायचीच शिक्षा होती. बऱ्याच वेळानं तिचं डोकं पाण्यावर आलं. तिनं मला शोधलं आणि कपाळावर हात उभा धरला. दिसला होता. मीही कपाळावर हात धरला, आणि ती खळखळून हसली.

किनाऱ्यावर येईतो तिच्या आईचा फोन आला. शार्क दिसला का? दिसला म्हणालो, माझ्यापेक्षा शहाणा निघाला. मग तिनं खरं ते विचारलं.

"तिला घिऊन कधी निघताय?"

"मी एकटाच येतोय. तिला मी विचारलंच न्हाय."

मला वाटलं आता माझी काही खैर नाही.

"खुशीत हाय का ती तिथं?" तिनं विचारलं.

मी वळून बघितलं. मुलगी गोड्या पाण्यात सगळ्यांचे पंजे धूत होती, माझेही, आणि जोडप्याला माझी नक्कल करून दाखवत होती. वाकून, हात उगारून.

"लई," मी म्हणालो.