‘हं’ म्हणणारा शिकारी

मी आयुष्यात बंदूक हातात घेतलेली नाही. जत्रेतली फुगे फोडायची छऱ्याची बंदूकसुद्धा नाही. माझी पाळी आली तेव्हा मी पैसे परत मागून घेतले आणि उसाचा रस प्यायलो. असं असूनही मागच्या वर्षी टेक्सासमधल्या एका गृहस्थांची अशी पक्की समजूत होती, की कोल्ह्यांच्या शिकारीत माझ्याइतका मुरलेला माणूस आशियात दुसरा नसेल. ही समजूत मी मुद्दाम करून दिली नव्हती. पण दूरही केली नाही. बायकोच्या मते यात काही फरक नाही, आणि आता माझंही तेच मत झालंय.

हे गृहस्थ म्हणजे माझे साहेब. कंपनीचं मुख्य ऑफिस तिकडे, आणि आम्ही थोडी मंडळी इकडे सिंगापुरात, रॅफल्स प्लेसला. साहेबांना नावानं हाक मारायची रीत आहे. मला ते जमत नाही, म्हणून मी शक्यतो हाकच मारत नाही. दर मंगळवारी सकाळी चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमधून त्यांच्याशी कॉल असतो. त्यांची तेव्हा संध्याकाळ. काम संपलं की ते घरचं बोलतात, मी ऐकतो. ऐकताना ‘हं’ म्हणतो.

आपल्याकडे ‘हं’चा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. बोला पुढे, मी अजून इथंच आहे, एवढाच तो अर्थ. माझी आई फोनवर मावशीला ‘हं हं’ करत अख्खी मेथीची जुडी निवडायची आणि फोन ठेवल्यावर म्हणायची, “काहीही बोलते ही!” पण लागोपाठ दोनदा म्हटलेलं ‘हं-हं’ अमेरिकन कानाला ‘होय तर!’ असं ऐकू येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या मंगळवारी साहेब म्हणाले, की त्यांची आई रानातल्या घरात एकटी राहते, तिच्या शेळ्या आहेत, आणि कायोटी येऊन करडं पळवतात.

“हं,” मी म्हणालो.

“तू लहान गावात वाढलास. तुमच्याकडेही असतील असले प्राणी.”

“हं.”

“म्हणजे तुला शिकारीची सवय असणार.”

“हं-हं.”

खरं सांगतो, त्या क्षणी कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात होती आणि मी म्यूटचं बटण शोधत होतो.

“सुटलो!” साहेब म्हणाले. “मला आईसाठी बंदूक घ्यायचीय. दुकानदार सगळ्यात महागडी काढून दाखवतो. तू सांग कुठली घेऊ, आणि गोळ्या कुठल्या.”

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो. आपल्यात हे वाक्य म्हणजे नकार असतो. साहेबांनी वहीत नोंद केल्यासारखी मान हलवली आणि पुढचा मंगळवार ठरवला.

कॉल बंद होताच बायको स्वयंपाकघरातून आली. “कुणाची ओटी भरायचीय?”

“ओटी नाही गं. कायोटी. कोल्ह्यासारखा प्राणी असतो.”

“बरं. मग त्याची ओटी कोण भरतंय?”

मी सगळा प्रकार सांगितला. मुलीनं दुधाच्या वाडग्यातून मान वर केली. “पा, यू हंटर मेह?” ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, म्हणजे तुम्ही आणि शिकारी?, आणि हसताना तिला ठसका लागला.

मी साहेबांना लगेच मेल करून खरं सांगणार होतो. त्याआधी विषय काय आहे ते नुसतं बघावं म्हणून वाचायला घेतलं. या देशात खिशात एक काडतूस सापडलं तरी माणसाचं काय होतं, ते मला माहीत आहे. तेव्हा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, फोनचा उजेड पार कमी करून, छातीशी धरून वाचायचो. एकदा शेजारच्या आंटीनं तिरक्या नजरेनं चित्र पाहिलं आणि आपली भाजीची ट्रॉली ओढत ती पुढच्याच स्टेशनला उतरली. ते तिचं स्टेशन नसावं.

मला वस्तू निवडण्याची एकच पद्धत येते. फ्रीज घेताना वापरली होती ती. तीच इथं लावली. पॉइंट टू-टू ही अगदी हलकी बंदूक. सशाला पुरते, पण कायोटी तिनं नुसता जखमी होतो आणि झुडपात जाऊन हाल होऊन मरतो. टू-फोर-थ्रीची गोळी लांब जाते, वाऱ्यात भरकटत नाही, पण बंदूक खांद्याला चांगला हिसका देते. टू-टू-थ्री मधली. हिसका कमी, आणि गोळ्या कुठेही मिळतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. आत शिरल्यावर फुटणारी गोळी घ्यावी, म्हणजे ती आरपार जाऊन पलीकडच्या कुणाला लागत नाही. तरीही नेम धरताना मागं मातीचा उंचवटा हवाच.

“पंचावन्न ग्रेनची गोळी,” मी एका सकाळी आरशासमोर म्हणालो.

“आधी बीपीची घ्या,” बायको बाहेरून म्हणाली.

आता खरं ते लिहितो. मला गोडी लागली. लिफ्टची वाट बघताना मी झाडांवरून वाऱ्याचा अंदाज घ्यायला लागलो. खाली बाकावर झोपलेलं मांजर दिसलं की मनात अंतर मोजायचो. साहेबांनी मोठ्या मीटिंगमध्ये माझी ओळख ‘आमचा सिंगापूरचा शिकारी’ अशी करून दिली. मी इतकी वर्षं या कंपनीत आहे, पण माझा चौकोन पडद्यावर मोठा झालेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी मान किंचित झुकवली. शिकारी झुकवत असेल तशी.

टू-टू-थ्री सुचवायची हे ठरलं. मंगळवारी मी सांगणार आणि साहेब त्या शनिवारी जाऊन ती घेणार होते.

आमच्या इमारतीत कपडे बांबूवर घालून खिडकीबाहेर वाळत टाकतात. बायकोचा उजवा खांदा आखडलाय, त्यामुळे ते काम माझ्याकडे. सोमवारी मी बांबू उचलला, त्यावर माझे ओले बनियन होते, आणि तो खांद्याला टेकवून मी बायकोला नेम दाखवायला लागलो. “दस्ता असा घट्ट धरायचा. ढिला धरला की हिसका हाडाला बसतो.”

बनियनमधून पाणी गळत होतं. बायकोनं खाली फडकं टाकलं. मग म्हणाली, “अहो, त्या बाईंचा खांदा कसाय?”

“कुठल्या बाईंचा?”

“ज्यांच्या हातात ही बंदूक देताय त्यांचा. वय काय त्यांचं? माझ्याच्यानं हा बांबू उचलवत नाही.”

मी बांबू खाली घेतला. वाऱ्याबद्दल वाचलं होतं, करडांबद्दल वाचलं होतं, कायोटीच्या बरगडीच्या जाडीबद्दलसुद्धा. म्हातारीबद्दल मी एक शब्द विचारला नव्हता. तिनं माझ्या शब्दावर ती बंदूक खांद्याला लावली आणि हाड मोडून त्या रानात एकटीच पडून राहिली, तर?

मंगळवारी साहेब पडद्यावर आले तसं मी विचारलं, “आईंचा खांदा कसा आहे?”

ते पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, “उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. तुला कसं कळलं? हा प्रश्न फक्त अस्सल शिकारीच विचारेल.”

“मी शिकारी नाही. मी बंदुकीला हातही लावलेला नाही.”

साहेब खदखदून हसले. “तुम्ही लोक किती विनयशील!”

मग मला त्या अमेरिकन माणसाला ‘हं’ शिकवावा लागला. आईची मेथी सांगितली, मावशी सांगितली. मला जे माहीत आहे ते सगळं फोनवर वाचलेलं आहे, बंदूक घेऊ नका, निदान आईंचा खांदा माहीत असलेल्या माणसासमोर त्यांना ती आधी उचलून बघू द्या, असं जवळजवळ ओरडून सांगितलं. दारात बायको आणि मुलगी उभ्या होत्या.

साहेबांचं हसू थांबलं. काहीतरी जुळवत असल्यासारखे ते वर बघत होते.

“म्हणजे शुक्रवारपर्यंत काम होईल ना, असं मी विचारायचो तेव्हा...”

“हं,” मी म्हणालो.

तो आठवडा मी नोकरीच्या, इथं राहायच्या पासच्या, मुलीच्या शाळेच्या काळजीत काढला. पुढच्या मंगळवारी साहेब वेळेवर आले. कामाचं बोलले, प्रत्येक तारखेला दोनदा विचारलं, “हो की हं?” मीटिंगमध्ये आता मला शिकारी कुणी म्हणत नाही. चौकोन पुन्हा लहान झालाय.

शेवटी ते म्हणाले, “आईनं बंदूक घ्यायला नकार दिला. ती गाढव आणतेय. गाढव लाथा मारून कायोटींना पळवून लावतं म्हणे. तुला गाढवांची काही माहिती आहे?”

माझे ओठ मिटले, घशात ‘हं’ तयारच होता.

“नाही,” मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं, की बायको धावत आली.

“काय नाही?”

“गाढवांची माहिती नाही म्हणालो.”

“मला विचारा म्हणावं,” ती म्हणाली. “आणि तो बांबू आत घ्या, पावसाची चिन्हं आहेत.”