गुणाजी कोरियन बोलायचा

संपात गिरणी गेली ती गेलीच. मालकांनी टाळं ठोकलं, वर कामगारच माजले म्हणून बोंब मारली. साचे चालवणारा गुणाजी परब मग लालबागच्या चाळीत, स्वतःच्याच खोलीत, भाड्याच्या व्हीसीआरवर पिक्चर दाखवू लागला.

कोरियाची मारामारीची कॅसेट सगळ्यात जोरात चाले. भाषा कुणाच्या बापाला कळत नसे. पण गुणाजी गावच्या दशावतारात उभा राहिलेला माणूस, तिथे कुठे संवाद लिहून देतात? टीव्हीशेजारी उभं राहून तो सगळ्यांचं बोलणं स्वतःच रचायचा. पिक्चरमधल्या चाकूवाल्या गुंडाला त्याने नाव दिलं होतं जगन. खरा जगनदादा नाक्यावरच असायचा. संपात मालकाचा पैसा खाऊन त्याने कामगारांची डोकी फोडली; शेजारच्या शामरावचा हात अजून वाकडा होता. म्हणून पिक्चरमधल्या जगनला लाथ बसली की पब्लिक हसून लोळायचं.

एका दुपारी पिक्चर सुरू होणार, तोच जगनदादा खोलीत शिरला. आपली दोन माणसं दारात उभी केली आणि सगळ्यांच्या पुढे फतकल मारून बसला.

"माझ्यावर पिक्चर काढलास म्हणे. लाव की."

गुणाजीने कॅसेट आत सरकवली. हमालीचं काम करणाऱ्या हीरोने पहिली लाथ मारली आणि गुंडाचं नाव त्यालाच देत गुणाजी बोलून गेला, "हो बघा आमचो जगनदादा! गरिबांचो वाली!"

खोलीत कुणी हसलं नाही. मागे बसलेल्या रखमामावशीने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. जगनदादा मात्र खुलला, लाथेलाथेला मांडीवर थाप मारू लागला. "हाण! अजून हाण साल्याला!"

गुणाजीने श्वास सोडला, आणि तेवढ्यात त्याला शेवट आठवला. हा हीरो मरतो. मशीन बंद करावं तर संशय, चालू ठेवावं तर हाडं मोडणार. बंदराच्या धक्क्यावर, धुक्यात हीरो कोसळला.

"काय रे? मेलो मी?" जगनदादाने मान न वळवता विचारलं.

"होय, दादा."

"कुणी मारलं?"

खोटं सुचेना. समोर दिसतच होतं. "पाठसून. तुमच्याच माणसान. शेठान पैसे देवन फोडल्यान तेका."

जगनदादा सावकाश वळला. दारातले दोघे दात काढत होते. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही व्हा पुढे. आलोच."

ते जिना उतरले तरी तो उंबऱ्याच्या आतच. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गुणाजी, मागचा जिना कुठल्या बाजूला रे?"

गुणाजीने बोट दाखवलं.